मधली तुळई सोडून

तांगीला काळजी करायला कारण लागत नसे. त्या वर्षी ते मिळालं, आणि मला वाटतं त्यामुळे त्याला थोडं बरंच वाटलं असावं. इतकी वर्षं विनाकारण काळजी करणाऱ्या माणसाला सकारण काळजी म्हणजे बढतीच.

बेटावर विजेचं काय बिघडलं तर तांगीला बोलवायचं, अशी पद्धत होती. तरुणपणी तो ऑकलंडला मांसाच्या कारखान्यात शीतगृहं सांभाळायचा. वडील वारल्यावर परत आला तो इथलाच झाला. आमच्यापैकी प्रत्येकाचा फ्रीझर त्यानं कधी ना कधी उघडलेला आहे, त्यामुळे कोणाकडे किती मासे साठवलेत हे त्याला ठाऊक असे. तो ते कोणाला सांगत नसे, याचीही त्याला काळजी वाटे. काम उरकून घरी जेवायला बसला की त्याच्या मनात यायचं, एक स्क्रू नीट आवळला गेला नाही. मग स्कूटर काढून परत. लोक त्याच्यासाठी चहा दोनदा ठेवत.

अशा माणसाच्या गळ्यात चर्चचं काम पडलं.

आमचं चर्च दोन गावांचं आहे. वाईरुआ आणि ओनेताई या गावांच्या खापरपणज्यांनी खडकातून प्रवाळ फोडून आणलं, जाळून चुना केला आणि गळ्यात गळे घालून भिंती उभ्या केल्या. भिंती होईपर्यंत सगळं ठीक होतं. आतली सजावट कशी करायची यावरून बिनसलं. शेवटी ज्याची बाजू त्यानं रंगवावी असं ठरलं. म्हणून वाईरुआचे खांब तांबडे-काळे आहेत, ओनेताईचे पिवळे-निळे. दारं दोन. व्यासपीठ लांबीच्या भिंतीच्या बरोबर मध्ये, दोन पाय इकडच्या हद्दीत, दोन तिकडच्या. दोन्हीकडची बाकं व्यासपीठाकडे वळवलेली, म्हणजे पर्यायानं एकमेकांसमोर. देवाकडे बघायचं ठरवलं तरी नजर जाऊन पडते ती समोरच्या गावाच्या टोप्यांवर. आणि वर, दोन्ही हद्दी जिथं मिळतात तिथं, मधली तुळई. ती निम्मी त्यांच्या रंगाची, निम्मी यांच्या.

मी शाळेत शिकवतो. शाळा दोन्ही गावांच्या मधोमध आहे, त्यामुळे प्रत्येक गाव मला दुसऱ्या गावाचा समजतं. असो.

त्या वर्षी वादळानं चर्चचं छप्पर नेलं, तुळया तेवढ्या राहिल्या, आणि नवं घालावं लागलं. छप्पर झालं, भिंतींना नवा चुना लागला, आणि पुन्हा उघडायचा रविवार ठरला. आमच्या बेटाची निम्म्याहून जास्त माणसं ऑकलंडला राहतात, आणि इथं काय चुकतंय ते सांगायला फोन करतात. त्यांना येणं शक्य नव्हतं, पण बघायचं होतं. त्यांनी सगळ्यांनी मिळून एक खोका पाठवला. त्यात उंच सडपातळ स्पीकर होते, माइक होते, आवाज जुळवायचं यंत्र होतं, आणि एक कॅमेरा.

खोका उघडायच्या आधी दोन्ही गावांची सभा झाली. वाईरुआतर्फे नापोको आई बोलली. ती तांगीची मावशी, बायकांच्या गाण्यात पहिला सूर उचलणारी. तिच्यापुढे पाळकही आवाज खाली ठेवतात.

"यातलं काही डोळ्याला दिसता कामा नये," ती म्हणाली. "मी देवाच्या घरात बसते. विमानतळावर नाही."

ओनेताईतर्फे एनुआ पापा उठले. "भिंतीला एक भोक पडता कामा नये. आमच्या आजोबांनी दगड पाठीवर आणलेत."

"आमच्या आजोबांनी काय होडीत बसून बघितलं?" नापोको आई म्हणाली.

मग दोघंही एकाच वेळी बोलली: मधल्या तुळईला हात लावायचा नाही. त्या सभेत दोन गावांचं एकमत झालं ते तेवढंच.

तांगी मागच्या बाकावर बसून मान डोलावत होता. त्याची बायको रूता माहेरची ओनेताईची. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "नाही म्हण. अजून वेळ आहे." तो नाही म्हणाला नाही, कारण आदल्या रात्री त्याला बहिणीचा फोन आला होता.

आकाइती, त्याची थोरली बहीण. तिचं रक्त दर दोन-तीन दिवसांनी यंत्रातून धुवावं लागतं. तसं यंत्र आमच्या बेटावर नाही. म्हणून ती ऑकलंडला गेली, आणि म्हणूनच परत येऊ शकत नाही. जायच्या आधी ती वाईरुआच्या बायकांत नापोको आईच्या शेजारी उभी राहून गात असे. आई सूर उचलायची, आकाइती तो आणखी वर न्यायची. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांच्यासाठी वर्णन करायची गरज नाही, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी करण्यात अर्थ नाही.

"जमेल ना रे?" तिनं विचारलं होतं.

"बघतो."

"तुझं 'बघतो' म्हणजे तू आधीच रडून झालास."

"वायर कुठून न्यायची तेच कळत नाही. भिंतीला हात लावायचा नाही म्हणतील."

"तांगी, ऐक. मला पाळक नकोत, फुलं नकोत, पाहुणे नकोत. आपली बाकं दाखव. नापोको आई सूर लावते तेव्हा आपल्या बायका माना कशा वर करतात, तेवढं एकदा बघू दे."

"पुढच्या वर्षी तू स्वतःच…"

"इथले डॉक्टर आताशा माझ्याशी फार गोड बोलायला लागलेत," ती म्हणाली. "पूर्वी ओरडायचे. एवढं पाणी का प्यालीस म्हणून ओरडायचे. आता विचारतात, घरची आठवण येते का."

 म्हणून तांगी दुसऱ्या दिवशी सभेत नाही म्हणाला नाही.

भिंतीला भोक पाडू नये ही अट खरं तर घालायची गरजच नव्हती. प्रवाळाच्या भिंतीत ड्रिल घातलं की ते आत जातं, पण स्क्रूला धरायला काही उरत नाही. पिठाच्या गिरणीसारखी पांढरी भुकटी गळत राहते. तांगीनं सगळं लाकडाला बांधायचं ठरवलं. खिळा नाही, स्क्रू नाही. जुन्या लोकांनी छपराचे वासे काथ्यानं बांधले होते, तसाच काथ्या. त्यानं नवा काथ्या वळून घेतला, काळ्या चहात भिजवून जुना दिसेल असा केला, आणि तुळयांवरून जाणाऱ्या वायरींवर गुंडाळला. जुन्या बांधणीत नवी बांधणी मिसळून गेली. स्पीकर खांबांच्या मागच्या अंगाला उभे केले. त्यांना चुना लावला तर तो पापडासारखा सुटून पडला, म्हणून चुन्यात घराचा रंग मिसळून भिंतीचा नेमका मळकट पांढरा रंग साधला. माइक व्यासपीठाच्या नक्षीत, लाकडी पानांच्या मागे.

एनुआ पापा रोज सकाळी येत, त्यांच्या बाजूच्या पहिल्या बाकावर काठी टेकून बसत आणि वायर शोधत.

"ती काय ती?"

"काथ्या, पापा."

"काथ्याच्या आत?"

"आत वायर आहे."

"मग दिसतेय की."

"वायर दिसत नाही, काथ्या दिसतो."

पापांनी बराच वेळ वर बघितलं. "तू आमच्या तुळईवर काथ्या आमच्या पद्धतीनं बांधलायस का तुमच्या?"

 ओनेताईची गाठ उजवीकडून फिरते. त्यानं सगळ्या गाठी डावीकडून घेतल्या होत्या. संध्याकाळपर्यंत ओनेताईच्या बाजूच्या सगळ्या गाठी सोडून त्यानं उजवीकडून बांधल्या. मग रूताला नेऊन दाखवल्या. ती माहेरच्या हक्कानं एकेक गाठ तपासून म्हणाली, "आमच्याकडे एवढ्या सुबक बांधत नाहीत. थोड्या बिघडव."

पुढच्या आठवड्यात नापोको आई बघायला आली. दोन्ही दारांतून आत-बाहेर करून पुन्हा आत आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रविवार तोंडावर आलाय. तू सुरू कधी करणार?"

"झालं सगळं, आई."

"कुठंय?"

त्यानं दाखवलं. तिनं एका स्पीकरवर टिचकी मारली, तो खांब नाही याची खात्री केली, आणि म्हणाली, "बरं आहे. देवाला कमी ऐकू येत असेल तर सोय झाली." तिच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळालेली नाही.

राहिला कॅमेरा. तो एकच होता, आणि उंचावर बसवणं भाग होतं, कारण खाली कुठंही ठेवला तर समोर बायकांच्या टोप्या येणार. माडाच्या कोवळ्या पातीच्या त्या पांढऱ्या टोप्या, रविवारी चर्चमध्ये टोप्यांचंच छप्पर होतं. मधल्या तुळईवरून सगळं दिसलं असतं, दोन्ही गावं, व्यासपीठ, सगळं. पण मधल्या तुळईचं नाव काढलं तर पुन्हा सभा, आणि आमच्याकडच्या सभा वादळापेक्षा जास्त छपरं नेतात. ओनेताईच्या तुळईवर बांधावा, तर वाईरुआच्या माणसानं तिथं कायमची वस्तू बसवली असं होणार. वायरींचं ठीक होतं, त्या दोन्हीकडून जात होत्या. पण कॅमेरा म्हणजे डोळा. दुसऱ्याच्या घराच्या आढ्याला आपला डोळा बांधून येणं बरं दिसत नाही. तांगीनं रात्ररात्र विचार केला आणि त्यातल्या त्यात सभ्य मार्ग काढला: स्वतःच्या गावाच्या तुळईवर, एका कोपऱ्यात, काथ्याच्या गोंड्यात लपवून. कोणाची हद्द मोडली नाही, कोणाला विचारावं लागलं नाही. फोनवर चित्र लावून पाहिलं. व्यासपीठ स्वच्छ दिसत होतं, वायर कुठंही दिसत नव्हती. मागं रिकामी बाकं होती, आणि रिकाम्या बाकांना गाव नसतं. त्या दिवशी तो म्हणे शांत झोपला. रूतानं ही गोष्ट मला वेगळी सांगितली, इतकी ती दुर्मिळ होती.

गुरुवारी संध्याकाळी वाईरुआच्या मंडळींचा गाण्याचा सराव होता. तांगीनं आकाइतीला आधीच सांगून ठेवलं होतं. बायकांनी सूर लावला, पुरुषांनी खालून छातीतले हुंकार सुरू केले, आणि तांगीच्या खिशातला फोन वाजला. तो बाहेर जाऊन बोलला.

"दिसतंय का?"

"दिसतंय. बाकं दिसतायत. नवा रंग छान झालाय."

"मग?"

"रिकामी आहेत."

"रिकामी कशी? सगळ्याजणी आल्यात."

"पिवळे-निळे खांब आहेत, तांगी. ही ओनेताईची बाकं आहेत. आवाज आपला येतोय, आणि समोर ओनेताईची रिकामी बाकं. आणि पुरुष मेलेत का सगळे? फक्त बायका ऐकू येतायत."

पुरुषांचं सोपं होतं. यंत्रात नको तो आवाज आपोआप काढून टाकायची सोय होती, आणि यंत्रानं वाईरुआच्या पुरुषांचे हुंकार ऐकून ही कुठली तरी मोटार आहे असं ठरवलं होतं. तांगीनं ती सोय बंद केली. मग चर्चच्या पायरीवर बसून राहिला.

त्याला उशिरा कळलं, पण पूर्ण कळलं. बाकं समोरासमोर. वाईरुआच्या तुळईवर बसलेला डोळा वाईरुआकडे कसा बघणार? त्याच्या खाली वाईरुआच्या टोप्यांचे शेंडे, आणि समोर, अख्ख्या ऑकलंडला दिसेल असं, ओनेताई. कॅमेरा खाली वळवला तर टोप्यांचे शेंडेच दिसणार. खाली स्टँडवर ठेवला तर पहिली अट मोडणार. आणि चर्चमध्ये फोन बाहेर काढायला मंडळीनं एका अंत्यविधीनंतर बंदी घातली होती. त्या अंत्यविधीत कोणाचा तरी फोन नाचाच्या गाण्यावर वाजला होता. जगात दुसऱ्या कुठल्या गावात माणसानं शेजाऱ्याची हद्द सांभाळायच्या नादात त्याला सगळ्या जगापुढे बसवून दिलं असतं, मला माहीत नाही. आमच्याकडे हे होऊ शकतं. आणि आमच्याकडे चूक विसरली जात नाही, तिला चाल लावतात. समोरच्या गावाच्या फजितीवर रचलेली गाणी आजोबांच्या काळापासून दोन्ही गावं गातात.

शुक्रवारी सकाळी तो एनुआ पापांकडे गेला. पापा अंगणात नारळ सोलत होते.

"पापा, एक विनंती होती."

"बस. उभ्यानं विनंती करू नये, गुडघे दुखतात. हे पी."

तांगीनं शहाळं हातात धरलं, प्यायलं नाही. "कॅमेरा तुमच्या तुळईवर बांधू द्याल का?"

"आमच्या? तुमच्यावर बांधलास ना?"

"बांधला."

"मग तिथून कोण दिसतं?"

"तुम्ही."

"आणि आमच्याकडून?"

"आम्ही."

पापांनी हातातला नारळ खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तांगीला बघवेना, म्हणून त्यानं कोंबडीकडे बघितलं.

"हे तू स्वतःहून केलंस? कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाही, पापा."

"तुझे आजोबा असेच मोठ्या मनाचे होते," पापा म्हणाले. "आमच्या लोकांनी त्यांना ओळखलं नाही. आमची तुळई तुझीच समज. सोमवारी ये आणि बांध."

"उपासना रविवारी आहे."

"म्हणून तर सोमवारी."

"पापा, आकाइतीला बघायचंय. तिचं तुम्हाला ठाऊक आहे."

पापा गंभीर झाले. आकाइतीबद्दल ओनेताईतही कोणी वाईट बोलत नाही. पण तेवढ्यात त्यांच्या सुनेनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ती आतल्या बाईला सांगत होती की आपण दिसणार, फक्त आपण दिसणार. पापांनी सुनेकडे बघितलं, मग तांगीकडे.

"आता माझ्या हातात राहिलं नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दुपारपर्यंत ओनेताईत कोवळ्या पातीचा तुटवडा पडला. प्रत्येक घरात टोपी विणली जात होती. रूताची धाकटी बहीण ईना तर वाईरुआच्या हद्दीतल्या माडाखाली सापडली.

नापोको आई पांढऱ्या झग्याला इस्त्री करत होती. तांगीनं उभ्याउभ्याच सांगितलं. ती इस्त्री फिरवत राहिली.

"एखाद्या वैऱ्यानं एवढं केलं नसतं," ती म्हणाली. "आता ओनेताईच्या दारात जाऊ नकोस हं विचारायला. उपकार केला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ऐकवतील."

तांगी इस्त्रीच्या वायरकडे बघत राहिला.

"जाऊन आलास?"

"हो."

"काय म्हणाले?"

"सोमवारी."

"म्हणजे उपकारही झाला आणि कामही झालं नाही." तिनं इस्त्री उभी केली. "पोरीला सांगितलंस?"

"तिनंच मला सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, असू दे, आवाज तर येतो."

नापोको आईनं झगा झटकून खुर्चीवर टाकला. तो पुन्हा उचलून तिनं त्याची नीट घडी घातली. शेवटी ती म्हणाली, "मग आवाजाचं बघ. त्यात काही राहिलं ना, तर मी तुला त्याच काथ्यानं तुळईला बांधीन. मधल्या."

शनिवारभर तो आवाजाचं बघत राहिला. प्रत्येक जोड उघडून बघितला, एका स्पीकरमधून पाल काढली, दुसऱ्यातून तिची अंडी. जेवण झाल्यावर रूतानं स्कूटरची किल्ली लपवली, तर तो चालत गेला.

रविवारी चर्चला मुंगी शिरायला जागा नव्हती. तांगी ओनेताईच्या दाराआडच्या कोनाड्यात, पाळकांचा झगा टांगायच्या खुंटीखाली बसला होता. आवाज जुळवायचं यंत्र शेजारी, फोन मांडीवर. मंडळीनं त्याला फोनची परवानगी दिली होती, मात्र कोणाच्या नजरेला पडायचं नाही या बोलीवर. मी त्याच्याजवळच उभा होतो, बाकांवर जागा नव्हती म्हणून, आणि माझी हद्द कुठली ते कोणी ठरवलेलं नाही म्हणून.

फोनच्या पडद्यावर ओनेताई भरून राहिलं होतं. नव्या टोप्या, ताठ पाठी. आपण दिसतोय हे माहीत असलेली माणसं जशी बसतात तशी सगळी बसली होती, दात काढायला गेल्यासारखी. एनुआ पापांनी दोन्ही हात काठीवर ठेवून हनुवटी वर धरली होती, थेट कॅमेऱ्याच्या गोंड्याकडे. कॅमेरा कुठं लपवलाय हे कोणाला कळू नये म्हणून तांगीनं केलेले कष्ट त्या एका नजरेनं पाण्यात गेले.

पाळकांचं प्रवचन झालं. माइक चालला. तांगी यंत्राचा एक जोड पुन्हा उघडायला वाकला, म्हणून मी हळूच पाय मध्ये घातला.

मग वाईरुआ उभं राहिलं.

नापोको आईनं सूर उचलला. तो मी इतकी वर्षं ऐकत आलोय, पण त्या दिवशी तिनं तो जिथून उचलला तिथं तिचं वय तिला पोहोचू देईल असं मला वाटलं नव्हतं. तिच्या शेजारची आकाइतीची जागा त्या बायकांनी भरली नव्हती. एक माणूस मावेल एवढी फट ठेवून त्या उभ्या होत्या. आपण दिसणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून चेहऱ्याचं, टोपीचं, कशाचंच भान न ठेवता त्या गात होत्या. पुरुषांनी हुंकार घातला तेव्हा खांबामागचा स्पीकर नव्हे, खांबच हलल्यासारखा वाटला.

तांगी वर बघत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता, आणि पडद्यावर वाईरुआ नव्हतंच. होतं ते ओनेताई. आधी ती माणसं तशीच ताठ होती. मग एका म्हाताऱ्याचं बोट बाकावर ठेका धरायला लागलं. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं डास मारल्यासारखं केलं. एनुआ पापांची सून ओठ घट्ट मिटून बसली होती, पण गळा आत हलत होता. दोघी-तिघींच्या टोप्या खाली गेल्या. ईनानं शेजारणीचा हात धरला. आणि पापा. त्यांची हनुवटी कधी खाली आली ते कळलं नाही. त्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, मग मान, आणि मग, घाम पुसतोय असंच दाखवत, डोळे.

तांगीनं फोन पालथा घातला. "संपलं," तो म्हणाला. "तिला हे दिसलं. आपल्या गाण्यात तिला त्यांचा रुमाल दिसला."

उपासना संपताच फोन वाजला. तांगीनं तो रूताकडे दिला आणि स्वतः खुंटीवरच्या झग्याकडे तोंड करून उभा राहिला.

"हं," रूता म्हणाली. "हं. रडतेस का? बरं, हसतेस का?" मग बराच वेळ ऐकत राहिली. मग फोन त्याच्या कानाला लावला, तो घेईना म्हणून स्वतःच धरून ठेवला. आकाइतीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तांगी, अरे, मी इतकी वर्षं तिथं उभी राहून गायले. गाताना माझे डोळे मिटलेले असायचे. उघडेपर्यंत समोरची सगळी पुन्हा ताठ बसलेली असायची. आम्हाला वाटायचं, दगड आहेत दगड. एकाला तरी कधी काही होतं का, आम्हाला कधीच कळलं नाही. एनुआ पापा बघितलेस?"

"बघितले."

"मी गात होते तेव्हाही असं होत असेल का रे?"

 फोन रूतानं धरलेला होता, म्हणून तीच म्हणाली, "होत असे. मी तेव्हा त्याच बाकावर बसायचे ना. माझी आई घरी जाऊन जेवायची नाही."

 मग आकाइती म्हणाली, "कॅमेरा हलवू नकोस. मी आहे तोवर हलवू नकोस. नंतर काय ते कर."

भाजलेलं डुक्कर आणि अळकुड्या जमिनीतल्या भट्टीतून निघाल्या, दोन्ही गावं झाडांखाली बसली, आणि जेवणाआधी एनुआ पापा उठून उभे राहिले. काठी वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं.

"तांगीनं आधी आम्हाला दाखवलं," ते म्हणाले. "आता आमची पाळी. उद्या शिडी आम्ही आणतो, काथ्या आम्ही आणतो. कॅमेरा आमच्या तुळईवर. पुढच्या रविवारी अख्खं ऑकलंड वाईरुआला बघेल."

वाईरुआत कौतुकाची कुजबुज झाली. नापोको आईनं मान तुकवली. तिच्या मानानं हा मोठा नमस्कार होता. सगळे तांगीकडे बघायला लागले.

तांगी उभा राहिला. हातातल्या पानावरून नारळाच्या दुधाचा ओघळ त्याच्या मनगटावर येत होता.

"नको, पापा," तो म्हणाला. "आहे तिथं राहू दे."

"संकोच करू नकोस."

"संकोच नाही. तिथंच बरा आहे. थोडे दिवस."

"वेडा झालायस का?" नापोको आई म्हणाली. "देतायत तर घे."

"थोडे म्हणजे किती दिवस?" पापांनी विचारलं.

तांगीनं रूताकडे बघितलं. ती खाली बघून आपल्या पानावर अळकुडी फोडत होती, आणि काही सांगणार नव्हती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "जेवढे जास्त होतील तेवढे बरे."

त्याच्या आजोबांचा मोठेपणा पापांनी पुन्हा एकदा सगळ्यांना सांगितला. तांगी खाली बसला आणि जेवायला लागला, पण फोन त्यानं पानाशेजारी, पडदा वर करून ठेवला होता.